धार लावण्याची साधने व ऊसतोडीचा कोयता

हत्याराच्या पात्याची झिजलेली कड घासून पुन्हा तीक्ष्ण करण्याच्या क्रियेस धार लावणे म्हणतात. दगडी सहाण, फिरती साण, कानस व विजेवर चालणारा ग्राइंडर ही त्याची प्रमुख साधने होत. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या बाबतीत यांपैकी साधनाची निवड ही उपजीविकेशी निगडित आहे.

कुरुंदाची भुकटी लाखेत मिसळून साणेची चाके बनविण्याची पद्धत भारतात जुनी आहे. तलवारींना धार व झिलई देणारे शिकलगार हा व्यवसाय करीत. संस्थानी फौजांबरोबर शस्त्रांची मागणी ओसरली, तेव्हा त्यांपैकी अनेकजण विळे, सुऱ्या व कात्र्यांकडे वळले आणि पायाने फिरवावयाचे चाक घेऊन गावोगाव हिंडू लागले. १८९१ मध्ये अमेरिकेत एडवर्ड ॲचेसन यांनी कार्बोरंडम तयार केले. पुढे कृत्रिम ॲल्युमिनियम ऑक्साइडही उपलब्ध झाले. पोलादासाठी तेच अधिक योग्य ठरते. या चाकांना विद्युत् चलित्राची जोड मिळून आजचा ग्राइंडर सिद्ध झाला.

बीड हा पर्जन्यछायेतील अवर्षणप्रवण जिल्हा. १९५० मध्ये प्रवरानगर येथील सहकारी साखर कारखाना सुरू झाला व त्यानंतर पश्चिम महाराष्ट्रात कारखाने वाढत गेले. त्यांना तोडणीसाठी मजूर हवे होते. १९७२ च्या दुष्काळानंतर बीडमधून होणारे हंगामी स्थलांतर अधिकच वाढले. मुकादमाकडून उचल घेऊन तोडीस जाणाऱ्या पति-पत्नींच्या जोडीस ‘एक कोयता’ असेच म्हणतात. येथे हत्याराच्या नावानेच माणसांची मोजदाद होते.

उसाच्या बुडख्याकडील भागात साखर अधिक असल्याने ऊस जमिनीलगत तोडावा लागतो. त्यामुळे पाते माती व खड्यांवर आपटून लवकर बोथटते. बोथट कोयत्याने घाव वाढतात, मनगट व खांदा भरून येतो आणि दिवसाची तोड घटते. मजुरी टनावर असल्याने धार लावण्यात गेलेल्या वेळेचा वेगळा मोबदला मिळत नाही. म्हणून ग्राइंडरची झटपट धार आकर्षक वाटते.

तथापि वेगाबरोबर उष्णता येते. १५० मिमी. व्यासाचे चाक मिनिटास सु. २,८५० फेरे घेते, तेव्हा त्याच्या कडेचा वेग सेकंदास सु. २२ मी. होतो. हातात धरावयाच्या, १०० मिमी. चकतीच्या ग्राइंडरमध्ये तो ५० मी. हूनही अधिक असतो. पात्याची पातळ कड सु. ३०० से. तापमानास पोहोचली, की ती निळी पडते व पोलादाचे ‘पाणी’ उतरते. अशी धार प्रथम तीक्ष्ण भासली, तरी ती टिकत नाही. शिवाय पातेही लवकर झिजते. पाण्यात भिजत मंद फिरणाऱ्या चाकावर हा दोष टळतो. परंतु असे यंत्र महाग असते व त्यास वीज लागते.

फडात वीज नसते. कानशीचे पोलाद कोयत्याहून कठीण असल्याने ती पाते न तापविता धार लावते, खिशात मावते आणि दुरुस्ती मागत नाही. पात्याला मोठा खळगा पडल्यास किंवा नवे पाते घडविताना लोहाराच्या ग्राइंडरचा उपयोग होतो. मात्र तेथेही पाते वरचेवर पाण्यात बुडविणे आवश्यक असते. यंत्र उपलब्ध असूनही कानस टिकून राहिली, ती केवळ रूढीमुळे नव्हे. धारेचा खर्च जेथे कामगारासच सोसावा लागतो, तेथे पाते राखणारे साधन हेच अखेर स्वस्त ठरते.