हरणाचा हिशोब मागायला कुणी येत नाही

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलताना जिथे अडखळलो ते गाळलंय, बाकी जसंच्या तसं. एक आधीच सांगतो, विषय थोडा रक्ताचा आहे. जेवत असाल तर नंतर वाचा.

शिकाऱ्याने हरणावर गोळी झाडली, किंवा बाण सोडला. तो लागला. पण हरीण पडलं नाही. उडी मारून झाडीत घुसलं आणि दिसेनासं झालं. अंधार पडतोय. आता पुढे काय?

मी स्वतः कधी शिकार केलेली नाही, करणारही नाही. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवाना काढून करायची उरलीसुरली शिकारही बंद झाली. त्यामुळे तुमच्या-माझ्या पिढीला हा प्रश्न पडतच नाही. पण अमेरिकेत, जर्मनीत, स्वीडनमध्ये दर हिवाळ्याच्या तोंडावर हजारो माणसांना तो पडतो. आणि त्याचं उत्तर शोधण्याचा इतिहास मला भलताच रंजक वाटला. माणूस कुणी बघत नसताना कसा वागतो, त्याचा हा इतिहास आहे.

आपण जिम कॉर्बेट वाचलेली माणसं. १९०७ मध्ये त्याने चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. तिने ४३६ माणसं मारली होती असं तो सांगतो. मेल्यावर बघितलं तर तिचे उजव्या बाजूचे वरचा आणि खालचा दोन्ही सुळे तुटलेले. कुणीतरी पूर्वी तिच्यावर गोळी झाडली होती, ती जबड्यावर लागली आणि ती निसटली. नेहमीची शिकार तिला जमेना, मग ती माणसांकडे वळली, असा कॉर्बेटचा निष्कर्ष. म्हणजे जखमी वाघ सोडून देणं हे महागात पडतं. जखमी वाघाच्या मागे जाऊन त्याला संपवायचंच हा त्या काळच्या शिकाऱ्यांचा कडक नियम होता, आणि त्यामागे दयेइतकीच भीती होती.

हरणाचं तसं नाही. जखमी हरीण परत येत नाही, गावावर हल्ला करत नाही. ते कुठेतरी ओढ्याकाठी जाऊन बसतं. दोन तासांत मरतं, नाहीतर दोन दिवसांत, नाहीतर लंगडत जगतं. त्याचा हिशोब मागायला कुणी येत नाही. आपल्या महाभारतात सुद्धा बघा, पांडूने हरणाच्या जोडीवर बाण सोडला तेव्हा त्याला शाप मिळाला, पण तो का मिळाला? कारण ते हरीण म्हणजे किंदम ऋषी होते. हरणाच्या वतीने शाप द्यायलाही ऋषीच लागतो!

शेक्सपिअरच्या ‘ॲज यू लाइक इट’ मध्ये एक प्रसंग आहे. शिकाऱ्याच्या हातून जखमी झालेलं एक सांबरासारखं नर हरीण कळपापासून तुटून ओढ्याकाठी येऊन उभं आहे. जेक्विस नावाचा उदास माणूस त्याच्याकडे बघत बसतो आणि रडतो. बाकीचा कळप चरून तृप्त झालेला, शेजारून निघून जातो. नाटकात इतरांना या जेक्विसची गंमत वाटते. हे साधारण १५९९ चं नाटक. म्हणजे चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमधल्या प्रेक्षकाला हे दृश्य ओळखीचं होतं, आणि त्यावर रडणारा माणूस चेष्टेचा विषय होता.

या गोष्टीची जबाबदारी पद्धतशीरपणे अंगावर घेतली ती जर्मन लोकांनी. तिकडे शिकाऱ्यांची स्वतःची एक बोलीच आहे. जर्मनमध्ये ‘श्वाइस’ म्हणजे घाम. पण शिकाऱ्याच्या तोंडी श्वाइस म्हणजे जनावराचं सांडलेलं रक्त. आणि त्या रक्ताचा माग काढणारा कुत्रा तो ‘श्वाइसहुंड’. मध्ययुगात राजेलोकांच्या शिकारीत दोराने बांधलेला एक शांत कुत्रा असायचा, त्याचं काम शिकारीच्या आधी सांबर कुठे लपलंय ते दाखवणं. बंदुका आल्या, शिकारीची पद्धत बदलली, आणि त्याच कुत्र्याचं काम शिकारीच्या आधीऐवजी शिकारीनंतर आलं: निसटलेलं जखमी जनावर शोधून देणं. हॅनोवरच्या राजाच्या शिकारखान्यात या कुत्र्यांची खास जोपासना झाली. १८६६ मध्ये प्रशियाने हॅनोवर गिळंकृत केलं, पण कुत्र्यांची परंपरा टिकली, आणि १८९४ मध्ये ‘फेराइन हिर्शमान’ नावाची संस्था त्या जातीच्या जतनासाठी निघाली. ती आजही आहे.

हा कुत्रा नेमकं काय करतो? मला आधी वाटायचं, रक्त हुंगत जातो, संपलं. पण अनेकदा रक्त पन्नास पावलांवर थांबतं. चरबी जखमेच्या तोंडाशी येते, रक्त आतल्या आतच साठतं. हरणाच्या खुरांच्या फटीत मात्र ग्रंथी असतात, प्रत्येक पावलाला त्यांचा वास जमिनीवर उमटतो. मुरलेला कुत्रा त्या एका जनावराचा वास धरतो आणि वाटेत दहा धडधाकट हरणांचे ताजे माग आडवे आले तरी सोडत नाही. आणि हे सगळं लांब दोराला बांधलेलं असताना. भुंकणं नाही, धावणं नाही.

त्याआधी शिकाऱ्यालाही थोडं वाचता यावं लागतं. गोळी लागली तिथे जमिनीवर काय सांडलंय? गुलाबी, फेसाळ रक्त असेल तर फुप्फुस. हरीण जवळच पडलेलं असणार. गडद लालसर तपकिरी असेल तर यकृत. काही तास थांबा. हिरवट पाणी, चारा, घाण वास असेल तर पोटात लागलंय. ही सगळ्यात वाईट जखम. मरण नक्की, पण फार सावकाश. आणि इथे एक क्रूर कोडं आहे. पोटात लागलेलं हरीण थोडं पुढे जाऊन बसतं. आपण काळजीपोटी लगेच मागे गेलो तर ते उठतं, आणि वेदना अंगावर घेऊन दोन मैल पळतं, मग कधीच सापडत नाही. म्हणून जाणते लोक सांगतात, आठ-दहा तास थांबा. म्हणजे रात्रभर तुम्ही घरी पडून आहात, आणि तिकडे ते थंडीत बसलेलं आहे, आणि काही न करणं हेच त्यातल्या त्यात बरं.

जर्मनीत शिकार मिळाल्यावर शिकाऱ्याला हिरव्या झाडाची एक डहाळी देतात, ती तो टोपीत खोचतो. पण जनावर कुत्र्याने शोधून दिलेलं असेल तर शिकारी त्या डहाळीचा एक तुकडा तोडून कुत्रेवाल्याला देतो, आणि तो त्यातली काडी कुत्र्याच्या पट्ट्याला लावतो. मला ही रीत फार आवडली. मानात वाटेकरी आहे, म्हणजे चुकलेल्या नेमाची कबुली टोपीवरच दिसते. (याच देशाचा १९३४ चा शिकार कायदा हर्मन गोरिंगच्या देखरेखीखाली झाला हेही लक्षात ठेवा. प्राण्यांविषयी हळवेपणा आणि माणसांविषयी राक्षसीपणा एकाच टेबलावर बसू शकतो.) आजच्या जर्मन कायद्यात जखमी जनावराला टाळता येण्याजोग्या वेदनांपासून वाचवणं हे बंधनकारक आहे. स्वीडनमध्ये तर नियम असा, की मोठ्या जनावराची शिकार करायची असेल तर शिकवलेला कुत्रा दोन तासांच्या आत जागेवर पोहोचेल अशी सोय हवीच.

आता चला अमेरिकेत. इथे गोष्टीला खरा पीळ बसतो.

एकोणिसाव्या शतकात न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेला ॲडिराँडॅक नावाच्या डोंगराळ जंगलात कुत्रे सोडून हरणं मारायची पद्धत होती. कुत्र्यांनी हरणाला दमवून तळ्यात उतरवायचं. तिथे होडीत माणूस बसलेला. पोहणारं हरीण काहीच करू शकत नाही. जवळ जाऊन मारलं की झालं. विन्स्लो होमर या मोठ्या चित्रकाराचं १८९२ चं एक चित्र आहे, ‘हाउंड अँड हंटर’. होडीत एक पोरगा, त्याने पाण्यातल्या हरणाचं शिंग धरलंय, मागून कुत्रा पोहत येतोय. लोकांना वाटलं पोरगा जिवंत हरीण बुडवतोय, आणि टीका झाली. होमरचं म्हणणं, हरीण मेलेलं आहे.

तोवर हरणं संपत आली होती. सगळ्या अमेरिकेत पांढऱ्या शेपटीची हरणं काही लाखांवर आली होती. थिओडोर रूझवेल्टने १८८७ मध्ये स्थापलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबने जोर लावला, आणि १८९७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये कुत्र्यांकरवी हरणाचा पाठलाग आणि रात्री दिव्याने डोळे दिपवून मारणं, दोन्ही बंद झालं. चांगला कायदा. गरजेचा कायदा. अशा अनेक नियमांच्या जोरावर हरणं वाढत गेली, आज ती तीन कोटींच्या आसपास आहेत. न्यू जर्सीत तुमचे कुणी काका-मामा राहत असतील तर विचारा, रात्री गाडी चालवताना त्यांना सगळ्यात जास्त धास्ती कशाची असते.

पण त्या कायद्याने एक गोष्ट नकळत केली. हरीण आणि कुत्रा या दोघांमध्ये कायमची भिंत घातली. जर्मनीत जे कर्तव्य होतं ते न्यूयॉर्कमध्ये गुन्हा ठरलं. हरणाला वाचवण्यासाठी केलेल्या कायद्यामुळे जखमी हरीण शोधायचं सगळ्यात चांगलं साधनच काढून घेतलं गेलं. आणि हे तब्बल ऐंशी वर्षं कुणाला फारसं खटकलं नाही. कारण तेच, हिशोब मागणारं कुणी नाही.

दरम्यान धनुष्यबाण परत आले. १९३४ मध्ये विस्कॉन्सिनने बाणाच्या शिकारीचा वेगळा हंगाम सुरू केला, आणि महायुद्धानंतर हा शौक झपाट्याने पसरला. बाणाने हरीण सहसा जागेवर पडत नाही, नीट लागला तरी थोडं पळतंच. मेरीलँडमधल्या एका नौदल तळावर १९८९ ते २००६ या काळात काटेकोर नोंदी ठेवल्या गेल्या. तिथले धनुर्धारी परीक्षा देऊन आलेले. तरीही बाण लागलेल्या दर शंभर हरणांतली साधारण १८ सापडली नाहीत.

भिंतीला पहिलं भोक पाडलं ते इतिहासाच्या एका प्राध्यापकाने, म्हणून मला जरा जास्तच आनंद. जॉन जेनेनी हे न्यूयॉर्कच्या हॉफस्ट्रा विद्यापीठात युरोपचा इतिहास शिकवायचे. शिकारीही होते. युरोपातली ही परंपरा त्यांना माहीत होती. १९७६ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी राज्याच्या पर्यावरण खात्याकडून परवानगी मिळवली, तीही ‘संशोधन’ म्हणून: दोराला बांधलेला कुत्रा जखमी हरीण शोधू शकतो का, बघू द्या. कुत्रा कुठला? ऐटबाज शिकारी नव्हे, डॅक्सहुंड. तोच तो आखूड पायांचा, लांबुळका, आपण ज्याला बघून हसतो तो. नाक जमिनीजवळ, काटेरी झुडपांखालून सहज जाणारा. दहा वर्षं हे ‘संशोधन’ चाललं, ‘डीअर सर्च’ ही स्वयंसेवकांची संघटना उभी राहिली, आणि १९८६ मध्ये राज्याने कायदा बदलून दोरावरच्या कुत्र्याला परवाना दिला. आज अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत ही मुभा आहे.

आता यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. हे कुत्रे बहुतेक वेळा हरीण शोधून देतच नाहीत! निम्म्याहून जास्त फेऱ्या रिकाम्या जातात. मग लोक मध्यरात्री फोन करून का बोलावतात? कारण अनेकदा कुत्रा मैलभर माग काढतो आणि शेवटी कळतं, की हरीण ओढा ओलांडून, उडी मारून, चरत-चरत पुढे गेलंय. जखम वरवरची होती. शिकाऱ्याला हरीण मिळत नाही, पण खात्री मिळते. आणि ज्याला तीही मिळत नाही, तो काय करतो? काही जण त्या हंगामापुरती शिकार थांबवतात. काही जण आपला परवाना वापरला गेला असं समजून तो फाडून टाकतात, कायद्याने गरज नसताना. काही जण पुढच्या वर्षी धनुष्य हातात घेत नाहीत. आफ्रिकेतल्या खासगी शिकार-मैदानांवर हाच हिशोब सरळ पैशात करतात: रक्ताचा एक थेंब दिसला की जनावर सापडो न सापडो, पूर्ण किंमत भरायची. जरा रोखठोक आहे, पण त्यामुळे लांबून अंदाजपंचे गोळी झाडणाऱ्याचा हात नक्की थबकतो.

आल्डो लिओपोल्ड या अमेरिकन वनतज्ज्ञाने म्हणून ठेवलंय, की शिकाऱ्याला टाळ्या वाजवायला किंवा हुर्यो करायला प्रेक्षकच नसतात, म्हणून त्याचं वागणं त्याच्या स्वतःच्या मनावर सोपवलेलं असतं. आता मात्र प्रेक्षक येऊ घातलाय, आकाशातून. उष्णता टिपणारा कॅमेरा लावलेला ड्रोन अंधारात शंभर एकर जंगल काही मिनिटांत तपासतो. मेलेलं हरीण काही तास ऊबदार राहतं, पडद्यावर पांढरा ठिपका दिसतो. मिशिगन राज्यात मात्र शिकारीच्या कामात ड्रोन वापरायला बंदी आहे, कारण ज्या पडद्यावर मेलेलं हरीण दिसतं, त्याच पडद्यावर जिवंतही दिसतं, आणि मग त्यावर नेम धरायला कितीसा वेळ लागतो? २०२३ मध्ये हरणं शोधून देणारी एक ड्रोन कंपनी या बंदीविरुद्ध कोर्टात गेली. हरीण कुठे आहे हे सांगणं म्हणजे माहिती देणं, आणि माहिती देणं हे अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य, असा तिचा दावा. कोर्टाने तो मानला नाही.

म्हणजे ऐंशी वर्षं कुत्र्याचं जे झालं तेच आता ड्रोनचं. मला विचाराल तर या खेपेला मी राज्याच्या बाजूने आहे. ॲडिराँडॅकच्या तळ्यातली ती होडी मला दिसत राहते. पण पोटात बाण लागलेलं हरीण रात्रभर कुठेतरी बसलंय, हेही दिसतं. तूर्तास मिशिगनचा शिकारी काय करतो? बॅटरी घेऊन, शेवटचा रक्ताचा थेंब जिथे दिसला तिथे झाडाला कागदाची पट्टी बांधतो, आणि दोरावर कुत्रा घेऊन येणाऱ्या एखाद्या माणसाला फोन लावतो.

चला, पुढच्या भागात भेटू. तुमच्याकडे आजोबा-पणजोबांच्या शिकारीच्या गोष्टी असतील, विशेषतः न सापडलेल्या जनावराच्या, तर आवाजी संदेशात नक्की पाठवा.