महाग गाळणी, स्वस्त गाळणी : जालन्याच्या इंजिनांतील वंगणाचा इतिहास

१/
जालन्यातील सुट्या भागांच्या दुकानात एकाच ट्रॅक्टरसाठी दोन ऑईल फिल्टर शेजारी शेजारी मांडलेले दिसतात. आकार तोच, आटे तेच, रंगही मिळताजुळता. मात्र एकाची किंमत दुसऱ्याच्या दुप्पट. ग्राहकाचा प्रश्न साधा असतो : हे जादा पैसे नेमके कशाचे? या प्रश्नाचे उत्तर सुमारे शंभर वर्षांच्या इतिहासात सापडते. त्या इतिहासाचा हा धागा.

२/
१९०० च्या सुमारास निजामाच्या राज्यातून मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग जालन्यापर्यंत आला. त्यामागोमाग कापसाचे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने वाढले. त्या काळच्या बाष्पयंत्रांच्या बहुतेक सांध्यांना तेलाच्या कुप्या असत. वातीवाटे तेल थेंबथेंब झिरपे, काम करी आणि वाहून जाई. जे तेल परत येतच नाही, ते गाळण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. खर्च होई तो तेलाचा आणि तेल घालणाऱ्याच्या श्रमाचा.

३/
पुढचा टप्पा विहिरीवरच्या डिझेल इंजिनाचा. इंग्लंडमधील डर्स्ली येथील लिस्टर कंपनीने १९२९-३० च्या सुमारास ‘सीएस’ जातीचे संथ इंजिन बाजारात आणले. मिनिटाला साधारण ६०० ते ६५० फेरे, जड चक्र आणि कमालीची साधी रचना. पुढे राजकोटच्या कारखान्यांनी याच नमुन्यावर असंख्य इंजिने घडवली आणि ती देशभरच्या शेतांत पोहोचली.

४/
या इंजिनाला ऑईल फिल्टर नव्हताच. कनेक्टिंग रॉडच्या टोकाची पळी तळातील तेलात बुडे आणि तेल चहूकडे उडवी. यंत्र संथ असल्याने जड कचरा तळाशी बसे. मालकाने वेळच्या वेळी तेल बदलले आणि तळ पुसून घेतला, की इंजिन वर्षानुवर्षे चाले. गाळणीचे काम येथे गुरुत्वाकर्षण आणि मालकाची शिस्त हे दोघे मिळून करीत.

५/
मोटारींची सुरुवातही अशीच झाली. फोर्डच्या ‘मॉडेल टी’मध्येही तेल उडवूनच वंगण होई. मात्र इंजिनांचा वेग वाढला, तसे तेल पंपाने दाबून, क्रँकशाफ्टमधील छिद्रांतून थेट बेअरिंगपर्यंत पोहोचवावे लागले. येथेच मोठा बदल घडला. पूर्वी तळाशी बसणारा कण आता दाबाखाली नेमका नाजूक जागी पोहोचू लागला. वंगण वाहून नेणारी व्यवस्थाच घाण वाहून नेऊ लागली.

६/
१९२३ च्या सुमारास अमेरिकेतील अर्नेस्ट स्वीटलँड आणि जॉर्ज ग्रीनहाल्घ यांनी मोटारीसाठी ऑईल फिल्टर तयार केला. ‘प्युअर ऑईल लेटर’, म्हणजे ‘नंतर शुद्ध तेल’, या शब्दांवरून त्याचे नाव ‘प्युरोलेटर’ पडले. १९२४ च्या क्रायस्लर मोटारीत बदलता येणारा ऑईल फिल्टर मुळातच बसवून येऊ लागला. तेव्हा ती नवलाची आणि चढ्या किमतीची सोय होती.

७/
हे आरंभीचे फिल्टर ‘बायपास’ पद्धतीचे होते. एकूण तेलापैकी थोडाच भाग त्यांतून जाई. उरलेले तेल न गाळताच बेअरिंगकडे वळे. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपमध्ये हीच पद्धत होती आणि १९४७ पासून महिंद्र कंपनीने भारतात जुळणी केली ती याच घराण्यातील जीपची. त्यानंतर सर्व तेल गाळणारी ‘फुल-फ्लो’ पद्धत रुळली. १९५४ मध्ये विक्स कंपनीने हाताने फिरवून बसवता येणारा, डबाबंद फिल्टर आणला. आज दुकानात दिसतो तो त्याचाच वंशज.

८/
सर्व तेल गाळायचे, तर एक धोका उरतो. फिल्टर पूर्ण तुंबला तर इंजिन तेलाविना जळेल. म्हणून फुल-फ्लो व्यवस्थेत एक सुरक्षा-झडप असते. कागद तुंबला किंवा थंड तेल फार घट्ट असले, की ती उघडते आणि न गाळलेले तेल पुढे सोडते. अस्वच्छ तेल कोरडेपणापेक्षा बरे, हा त्यामागचा विचार. याचा अर्थ असा, की वेळेवर न बदललेला सर्वांत महाग फिल्टरही अखेरीस फिल्टर राहत नाही. तो केवळ तेलाच्या वाटेवरचा डबा उरतो.

९/
महाराष्ट्रात हे तंत्र कारखान्यांतून आणि आगारांतून पसरले. १९४६ मध्ये पुण्याजवळ किर्लोस्कर ऑईल इंजिन्सची स्थापना झाली आणि मिनिटाला १५०० फेरे घेणारी इंजिने शेतावर आली. १९६१ मध्ये मराठवाडा आणि विदर्भातील प्रवासी सेवा एकत्र येऊन राज्य परिवहन महामंडळ उभे राहिले. छत्रपती संभाजीनगरजवळील चिकलठाणा येथे त्याची मध्यवर्ती कार्यशाळा आहे. मोठ्या ताफ्यात तेल-फिल्टर बदलणे ही चालकाच्या मर्जीची बाब उरत नाही. ते वेळापत्रकाचे काम होते.

१०/
किंमत आणि उपयुक्तता यांचे नाते सरळ नसते, याचा उत्तम पुरावा दुचाकीत आहे. १९८५ मध्ये आलेल्या हीरो होंडा सीडी-१०० मध्ये बदलायचा कागदी ऑईल फिल्टर नव्हता. तळाशी धातूची जाळी आणि क्रँकशाफ्टसोबत फिरणारी एक वाटी, एवढीच योजना. फिरण्याच्या जोराने जड कण वाटीच्या कडेला चिकटत; मेकॅनिकने ती अधूनमधून उघडून पुसायची. सुटा भाग विकत न घेताही तेल स्वच्छ राहू शकते, हे अशा गाड्यांनी दाखवून दिले.

११/
आता डब्याच्या आत पाहू. स्वस्त फिल्टरमध्ये बहुधा रेझिन लावलेला घडीचा कागद असतो. महाग फिल्टरमध्ये काचतंतू किंवा कृत्रिम धाग्यांचे माध्यम असते. ते अधिक बारीक कण पकडते आणि तुंबण्यापूर्वी अधिक घाण साठवते. इंजिन बंद असताना तेल परत वाहू नये म्हणून काही फिल्टरांत रबरी पडदा असतो. साधे रबर इंजिनाच्या उष्णतेने कालांतराने कडक होते. सिलिकॉन अधिक काळ मऊ राहते. जादा पैसे जातात ते येथे.

१२/
या बारकाव्यांनी फरक किती पडतो? माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. बेअरिंगमधील तेलाचा थर अनेकदा काही मायक्रॉनचाच. १९८८ मध्ये जनरल मोटर्सच्या एसी स्पार्क प्लग विभागातील डेव्हिड स्टेली यांनी एक शोधनिबंध मांडला. ४० मायक्रॉनच्या गाळणीच्या तुलनेत ३० मायक्रॉनच्या गाळणीने इंजिनाची झीज ५० टक्के, तर १५ मायक्रॉनच्या गाळणीने ७० टक्के घटल्याचे त्यात नोंदवले होते. महाग फिल्टरांच्या जाहिराती आजही याच आकड्यांचा आधार घेतात.

१३/
इतिहासाच्या अभ्यासकाने येथे नेहमीचे दोन प्रश्न विचारावेत. साधन कोणाचे, आणि परिस्थिती कोणती? एसी स्पार्क प्लग हा विभाग स्वतः फिल्टर बनवत असे. शिवाय चाचणी लवकर पूर्ण व्हावी म्हणून तेलात मुद्दाम धूळ मिसळली होती. आकडे खोटे ठरत नाहीत. परंतु ते स्वच्छ हवेत चालणाऱ्या आणि वेळेवर तेल बदलणाऱ्या इंजिनाला जसेच्या तसे लागू होत नाहीत. तेथे प्रत्यक्ष लाभ बराच कमी असणार.

१४/
मग जालन्याचे इंजिन कोणत्या परिस्थितीत चालते? येथील काळी माती बेसाल्ट खडकापासून बनलेली आहे. त्या खडकातील खनिजांचे कण बेअरिंगच्या मऊ धातूपेक्षा कितीतरी कठीण असतात. मात्र बाहेरची धूळ इंजिनात शिरते ती मुख्यतः हवेच्या वाटेने. त्यामुळे एअर क्लीनरची वाटी कोरडी किंवा नळी फाटकी असेल, तर उत्तम ऑईल फिल्टरही हतबल होतो. दार उघडे ठेवून माजघर झाडत बसण्यासारखाच तो प्रकार.

१५/
दुसरा मुद्दा मोजमापाचा. अंबड तालुक्यात अंकुशनगरच्या साखर कारखान्याकडे उसाच्या ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर दिवसभरात फार किलोमीटर कापत नाही, पण तास मात्र भरपूर भरतात. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना हा राज्यातील सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. त्या वर्षी गावोगाव धावलेल्या टँकरांचेही हेच गणित : कच्चा रस्ता, संथ चाल, पाणी भरताना व सोडताना थांबणे. म्हणून ट्रॅक्टरची सेवा तासांत मोजतात. अनेक पुस्तिकांत तेल-फिल्टर बदलण्याची मुदत २५० तासांच्या आसपास असते.

१६/
यावरून निवाडा करता येतो. जुना, ढोबळ मापांचा ट्रॅक्टर असेल आणि तेल मुदतीत बदलले जात असेल, तर उत्पादकाने ठरवलेल्या दर्जाचा साधा फिल्टर पुरेसा आहे. वाचलेल्या पैशांतून तेल आणि फिल्टर थोडे आधी बदलणे अधिक हिताचे. याउलट, समृद्धी महामार्गावर लांब पल्ला धावणारे बीएस-सहा वाहन असेल आणि तेल बदलण्याची मुदत लांब असेल, तर अधिक घाण साठवणाऱ्या माध्यमाचे पैसे सार्थकी लागतात.

१७/
किमतीऐवजी काय वाचावे, तेही सांगता येते. ऑईल फिल्टरच्या चाचणीसाठी आयएसओ ४५४८-१२ हे आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे. ‘२० मायक्रॉनचे ९९ टक्के कण पकडतो’ या विधानाला अर्थ आहे. नुसते ‘२० मायक्रॉन’ म्हणणे अपुरे, कारण किती टक्के कण, हे त्यात सांगितलेलेच नसते. जे डब्यावर नाही, ते उत्पादकाच्या माहितीपत्रकात शोधावे.

१८/
खरी सीमारेषा मात्र महाग आणि स्वस्त यांच्यात नसून अस्सल आणि नकली यांच्यात आहे. नकली डबा बाहेरून हुबेहूब असतो. आत कागद तोकडा, चिकटवणी कच्ची, झडप ढिली. त्यामुळे चढी किंमत हा दर्जाचा पुरावा ठरत नाही. खात्रीच्या विक्रेत्याची पावती, छापील भाग-क्रमांक आणि बदललेला फिल्टर मिस्तरीकडून कापून आतील कागद पाहणे, हे पुरावे अधिक बोलके.

१९/
शंभर वर्षांत इंजिनाने आपला खर्च केवळ एका जागेवरून दुसरीकडे सरकवला. आधी तो वाहून जाणाऱ्या तेलात होता, मग तळ पुसणाऱ्या हातांत, आता डबाबंद कागदात. फिल्टरमधील किमतीचा फरक एका जेवणाच्या बिलाइतका असतो. लायनर-पिस्टन उतरवून इंजिन खोलण्याची वेळ आली, तर शेतकऱ्याच्या हंगामाची कमाई जाते. तेवढी जोखीम डोळ्यांपुढे ठेवली, तर पहिला खर्च मुदतीत बदलण्यावर, दुसरा हवेच्या गाळणीवर आणि त्यानंतर उरलाच, तर महाग डब्यावर करावा, असेच हा इतिहास सांगतो.