पिंप, बाटली, कॅन : प्रस्तावना

मद्य न घेणाऱ्या वाचकांनीही हे पुस्तक वाचावे, ही पहिली विनंती. यात नशेची भलामण नाही. बिअर हे एक नाशवंत पेय आहे. ते भांड्यात भरले जाते, प्रवास करते आणि कुठेतरी दूर पेल्यात उतरते. त्या प्रवासात त्याचे काय होते, एवढाच इथला प्रश्न. ज्यांच्या घरी लोणच्याची चिनी मातीची बरणी दादरा बांधून अंधाऱ्या फडताळात ठेवली जात असे, त्यांना या शास्त्राची निम्मी ओळख आधीच आहे. उजेड, हवा, उष्णता आणि काळ हे लोणच्याचे शत्रू, बिअरचेही तेच.

ड्राफ्ट बिअर म्हणजे केगमधून, म्हणजे पोलादी पिंपातून, वायूच्या दाबाने नळीवाटे टॅपपर्यंत येणारी बिअर. बाटलीतली आणि कॅनमधली बिअर बहुधा पाश्चरीकरण करून, म्हणजे तापवून, टिकाऊ केलेली असते. ही प्रक्रिया ज्यांच्या नावाने ओळखली जाते, त्या लुई पाश्चर यांचा बिअरवरचा ग्रंथ 1876 चा. केगमधली बिअर मात्र अनेक ठिकाणी तशी न तापवता, सतत थंड ठेवून पाठवतात. ‘ड्राफ्ट तीच खरी’ या समजुतीचा उगम इथे असावा. समजूत अगदीच खोटी नाही, पण अर्धवट आहे.

बाटलीचा दोष उजेडाचा. हॉप्समुळे येणाऱ्या कडवटपणातले घटक प्रकाशाने फुटतात आणि गंधकयुक्त, उग्र वासाचे संयुग तयार होते. तपकिरी काच हा प्रकाश बराच अडवते, हिरवी कमी, पारदर्शक जवळजवळ नाहीच. कॅनमध्ये उजेड शिरतच नाही. 24 जानेवारी 1935 रोजी अमेरिकेत रिचमंड शहरात क्रूगर कंपनीची डबाबंद बिअर प्रथम विक्रीला आली, आणि तेव्हापासून डब्याला धातूची चव चिकटल्याची तक्रारही आली. आजच्या कॅनला आतून अस्तर असते. ती चव पुष्कळदा डबा थेट तोंडाला लावण्यातून येते, असे माझे मत आहे.

वाचकांनी वेळ द्यावा तो डब्लिनच्या गिनेसला. या कारखान्याने गणितज्ञांना नोकऱ्या दिल्या. संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांना घोकावी लागणारी टी-चाचणी 1908 मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने मांडणारे विल्यम गॉसेट इथलेच नोकर. काळ्या स्टाउटवरचा साईसारखा फेस पूर्वी उंचावरच्या आणि खालच्या अशा दोन पिंपांतून, हातोटीने ओतून साधत. मायकेल ॲश या दुसऱ्या गणितज्ञाने त्यावर नायट्रोजनचा तोडगा काढला, आणि 1959 मध्ये, कंपनीच्या द्विशताब्दीच्या वर्षी, तो बाजारात आला. नायट्रोजन बिअरमध्ये फारच कमी विरघळतो, त्याचे बुडबुडे बारीक होतात आणि फेस दाट राहतो. म्हणजे ज्या फेसासाठी लोक ‘अस्सल ड्राफ्ट’ म्हणून मान डोलावतात, तो मुळात गणितज्ञाच्या टेबलावरचा.

मग हाच फेस घरच्या कॅनमध्ये कसा आणायचा? उत्तर सापडायला सुमारे तीन दशके लागली. कॅनमध्ये बारीक छिद्राची एक प्लॅस्टिकची पोकळ वस्तू घातली. तिला ‘विजेट’ म्हणतात. झाकण उघडताच डब्यातला दाब एकदम उतरतो, विजेटमध्ये कोंडलेला वायू आणि थोडी बिअर त्या छिद्रातून जोराने उसळते आणि सगळ्या पेयात बुडबुडे जागे होतात. रिकाम्या कॅनमध्ये खुळखुळणारा आवाज तुम्ही ऐकला असेल, तर तो हाच.

इंग्लंडात वाद आणखी वेगळा आहे. तिथल्या परंपरेनुसार कास्क नावाच्या पिंपात जिवंत यीस्ट असते, बाहेरचा वायू घालत नाहीत, तळघरातून हातपंपाने ओढतात, आणि पिंप उघडले की मोजक्या दिवसांत संपवावे लागते. केगच्या आक्रमणाविरुद्ध 1971 मध्ये ‘कॅमरा’ ही ग्राहकांची चळवळ उभी राहिली. त्यांच्या लेखी केगमधली ड्राफ्ट आणि बाटलीतली बिअर यांत फारसे अंतर नव्हते. मला या हट्टाचे कौतुक वाटते, तरी त्यांच्या प्रत्येक निष्कर्षाशी मी सहमत नाही.

आपल्याकडे पुण्यात 2009 मध्ये डूलाली ही जागेवरच बिअर बनवून देणारी छोटी भट्टी सुरू झाली आणि मायक्रोब्रुअरी हा शब्द मराठी बोलण्यात रुळला. तिथे पेय आणि पेला यांच्यात अंतरच उरत नाही. पण टॅप म्हणजे ताजेपणाची हमी नव्हे. अमेरिकेतल्या बिअर उत्पादकांची संघटना नळ्या दर 14 दिवसांनी धुवाव्यात असे सांगते. न धुतलेल्या नळीत जंतू वाढतात. मग पेल्यात लोण्याचा किंवा व्हिनेगरचा वास येतो, आणि दोष कारखान्याच्या माथी मारला जातो. अशा टॅपपेक्षा थंड ठेवलेला, नुकता भरलेला कॅन कधीही बरा.

नव्या वाचकांनी नळ्यांच्या स्वच्छतेचे प्रकरण आधी वाचावे, इतिहास नंतर. आणि पिणाऱ्यांनी एक प्रयोग जरूर करावा : एकाच बिअरची ड्राफ्ट आणि कॅन सारख्याच पेल्यांत, सारखीच थंड, दुसऱ्या कुणाकडून ओतून घ्या, कोणती कुठली हे विचारू नका. मात्र कॅनवरची तारीख आधी पाहून ठेवा.