जेडवर्ड आणि 'मेरिट'चा कांगावा

2009 साली ब्रिटनच्या टीव्हीवर दोन आयरिश जुळ्या भावांवरून मोठा गदारोळ झाला होता. गाता येत नसलेली ही पोरे आठवड्यामागून आठवडे स्पर्धेत टिकतात कशी, यावर वर्तमानपत्रांनी रकाने भरले. पंतप्रधान गॉर्डन ब्राऊन यांनीही एका मुलाखतीत ही पोरे काही फारशी चांगली नाहीत असे मत देऊन टाकले. आर्थिक मंदीने देश हैराण असताना पंतप्रधानाला या विषयावर बोलावेसे वाटले, यावरून गदारोळाचा आकार लक्षात यावा.

आमचे वाचक विचारतील, जॉन आणि एडवर्ड ग्राइम्स उर्फ 'जेडवर्ड' यांच्याशी आपले काय देणेघेणे? गाण्याशी म्हणाल तर फारसे नाही. पण 'मेरिट' या शब्दाशी आपले पिढ्यांचे देणेघेणे आहे. हा शब्द कोणाच्या तोंडून, कोणासाठी आणि कोणत्या वेळी बाहेर पडतो, हे आपल्याइतके जवळून कोणी पाहिले असेल? जेडवर्डच्या प्रकरणात तो शब्द भर बाजारात, दिव्यांच्या झगमगाटात वापरला गेला. म्हणून हा इतिहास तपासण्यासारखा आहे.

भावाभावांची गाणारी जोडी म्हटली की महाराष्ट्रात आनंद आणि मिलिंद शिंदे आठवतात (हिंदी सिनेमाचे संगीतकार आनंद-मिलिंद वेगळे). प्रल्हाद शिंदे यांची ही मुले घराघरात गेली ती कॅसेटमधून. कॅसेट घेणारा दुकानात पैसे देत होता आणि आवडले तर पुन्हा येत होता. मध्ये टेबलामागे बसलेले चार परीक्षक नव्हते. जेडवर्डचा जन्म मात्र त्या टेबलासमोरच झाला.

डब्लिनजवळच्या लुकनची ही पोरे. जन्म 16 ऑक्टोबर 1991. 'द एक्स फॅक्टर'च्या सहाव्या पर्वासाठी निवड चाचणीला आली तेव्हा वय 17. उभे ताठ केस, सारखे कपडे, न थांबणाऱ्या उड्या. बॅकस्ट्रीट बॉइजचे गाणे त्यांनी म्हटले आणि परीक्षक सायमन कॉवेलने त्यांना तोंडावर सुनावले. त्याच वर्षी कार्यक्रमाने एक बदल केला होता. तोवर निवड चाचणी बंद खोलीत होत असे. 2009 पासून ती हजारो प्रेक्षकांनी भरलेल्या सभागृहात होऊ लागली. म्हणजे नापास होणाऱ्याची फजिती पाहायला आता गर्दी जमवलेली होती. गर्दी हसेल किंवा ओरडेल असा उमेदवार त्या कार्यक्रमाला हवाच होता, आणि तो एकदम जोडीने मिळाला.

हा धंदा कसा उभा राहिला तेही पाहू. 1999 साली न्यूझीलंडमध्ये 'पॉपस्टार्स' आला. 2001 साली ब्रिटनमध्ये सायमन फुलर यांनी 'पॉप आयडॉल' आणला, पुढच्या वर्षी त्याचे अमेरिकन रूप आले आणि 2004 मध्ये 'इंडियन आयडॉल'. त्याच 2004 साली कॉवेलने 'द एक्स फॅक्टर' सुरू केला. यातली कल्पना सोपी आहे. पूर्वी कंपनी गायक शोधायची, त्याच्यावर पैसे लावायची आणि लोक घेतील की नाही याची धास्ती बाळगायची. आता गायक निवडण्याचे कामच टीव्हीवर दाखवायचे, जाहिरातींचे पैसे घ्यायचे, लोकांना जादा दराच्या फोनवरून मत द्यायला लावायचे, आणि शेवटी त्याच लोकांना विजेत्याची सीडी विकायची. विजेत्याशी करार करणारी 'सायको' कंपनी कॉवेलनेच सुरू केलेली, सोनीच्या छत्राखाली. परीक्षक, निर्माता आणि व्यापारी एकच! अशा माणसाने गुणवत्तेवर प्रवचन द्यावे आणि देशाने ते ऐकावे, हा प्रकार आम्हाला नवा नाही.

फोनच्या मताला तरी किती किंमत होती? मे 2008 मध्ये ब्रिटनच्या प्रसारण नियामकाने, म्हणजे ऑफकॉमने, आयटीव्ही या वाहिनीला 56 लाख 75 हजार पौंडांचा दंड केला. कारण, वाहिनीच्या काही लोकप्रिय कार्यक्रमांत लोकांकडून फोनचे पैसे घेतले गेले होते, पण निवड प्रामाणिकपणे झालीच नव्हती. अँट आणि डेक यांच्या शनिवारच्या कार्यक्रमात तर फोन करणाऱ्यांतून टीव्हीवर उठून दिसतील, बोलके असतील, सोयीच्या गावात राहत असतील असेच लोक उचलले जात होते. 'द एक्स फॅक्टर' हा या दंडाच्या कारणांतला कार्यक्रम नव्हता, हेही सांगितले पाहिजे. पण वाहिनी तीच, आणि प्रेक्षकाला गिऱ्हाईक समजण्याची रीतही तीच.

आता नोव्हेंबर 2009. पाचव्या आठवड्याला चित्रपटगीतांची फेरी होती. जेडवर्डनी 'घोस्टबस्टर्स' केले. लोकांच्या मतांत तळाला आले दोघे: जेडवर्ड आणि वेल्सची लूसी जोन्स. लूसी गाणारी मुलगी होती, याबद्दल दुमत नव्हते. चार परीक्षकांपैकी डॅनी मिनोग आणि शेरिल कोल यांनी जेडवर्डना घरी पाठवायचे मत दिले. लुई वॉल्श त्यांचा मार्गदर्शक, त्याने लूसीविरुद्ध मत दिले. राहिला कॉवेल. ही पोरे जिंकली तर देश सोडून जाईन असे म्हणणारा हाच. त्याच्या एका मताने पोरे बाहेर गेली असती. त्याने मत लूसीच्या विरोधात टाकले. दोन विरुद्ध दोन झाले, मग निर्णय लोकांच्या मतांवर गेला आणि लूसी बाहेर पडली. ऑफकॉमकडे आणि वाहिनीकडे तक्रारींचा पाऊस पडला.

कॉवेलने हे का केले? निर्णय लोकांवर सोपवला, असे त्याला म्हणता येते. आम्हाला साधी गोष्ट दिसते. ज्या पोरांमुळे देश शनिवार-रविवारी टीव्हीसमोर बसत होता ती पोरे पाचव्याच आठवड्यात घालवणे व्यापाऱ्याला परवडणारे नव्हते. गुणवत्तेचा कडक पहारेकरी म्हणून मिरवणाऱ्याने ऐनवेळी दार स्वतःच उघडले, कारण आत येणारा गिऱ्हाईक आणत होता. ज्यांनी मॅनेजमेंट कोट्यातले प्रवेश पाहिले आहेत त्यांना हे दार ओळखीचे वाटेल. देणगी भरून आत आलेल्याची लायकी कोणी काढत नाही. गुणवत्तेचा गळा काढला जातो तो दुसऱ्याच रांगेकडे बोट दाखवून. दोन आठवड्यांनी ऑली मर्सबरोबर तळाला आल्यावर जेडवर्ड अखेर बाहेर गेले. क्रमांक सहावा.

इथपर्यंतची गोष्ट ब्रिटनमध्ये गंमत म्हणून सांगितली जाते. आम्ही तिच्याशेजारी दुसरी एक गोष्ट ठेवतो. 2005 साली याच कार्यक्रमात लंडनची अलेक्झांड्रा बर्क नावाची किशोरवयीन कृष्णवर्णीय मुलगी आली होती. ती परीक्षकाच्या घरच्या फेरीपर्यंत पोचली. तिचा परीक्षक होता लुई वॉल्श. त्याने तिला थेट प्रक्षेपणाच्या फेरीसाठी निवडले नाही. मुलगी घरी गेली, तीन वर्षांनी पुन्हा आली आणि 2008 चे पर्व जिंकून गेली. त्याच वॉल्शने पुढच्याच वर्षी जेडवर्डना त्या फेरीत नेले आणि शेवटपर्यंत त्यांच्या बाजूने उभा राहिला.

वॉल्शच्या मनात वंशद्वेष होता असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणायला आमच्याकडे पुरावा नाही. 2006 ची विजेती लिओना लुईस हीसुद्धा कृष्णवर्णीय, हेही खरे. पण या दोघींनी काय करून जिंकले ते बघा. एक सूर इकडचा तिकडे न होऊ देता. आणि जिंकल्यावर? जून 2020 मध्ये बर्कने एक ध्वनिचित्रफीत काढून सांगितले की विजयानंतर तिला कातडी उजळ करण्याचा सल्ला दिला गेला, वेण्या घालू नको असे बजावले गेले, आणि तू काळी आहेस म्हणून गोऱ्या कलाकाराच्या दहापट मेहनत करावी लागेल असे ऐकवले गेले. हे स्पर्धा जिंकलेल्या, पहिल्या क्रमांकाचे गाणे देणाऱ्या गायिकेला! बेसूर गाऊन, तोल जाऊन, शब्द विसरून लाडके होण्याची सवलत तिच्या वाट्याला कधी आलीच नसती. नापास होण्याचाही एक कोटा असतो, आणि त्याची यादी कुठे लावलेली नसते. एका घरचा पोरगा नापास झाला तर 'मस्तीखोर आहे, सुधारेल' म्हणतात. दुसऱ्या वस्तीतला नापास झाला तर सगळी वस्तीच नापास होते.

हीच यंत्रणा भारतात आली तेव्हा काय झाले? 2007 च्या 'इंडियन आयडॉल'मध्ये दार्जिलिंगचा प्रशांत तमांग जिंकला. तो कोलकाता पोलीस दलात शिपाई. त्याच्यासाठी डोंगरातल्या गोरखा लोकांनी पदरचे पैसे घालून एसएमएस पाठवले. लगेच चर्चा सुरू झाली की हा आवाजावर जिंकला नाही, जमातीच्या मतांवर जिंकला. दिल्लीच्या एका रेडिओ निवेदकाने गोरखा म्हणजे चौकीदार या अर्थाची थट्टा केली. त्याच्या निषेधाच्या मोर्चानंतर सिलिगुडीत हिंसाचार उसळला, संचारबंदी लागली, लष्कराला बोलवावे लागले. पुढच्याच महिन्यात गोरखा जनमुक्ती मोर्चा स्थापन झाला, आणि त्याच्या उभारणीत तमांगसाठी जमलेल्या गर्दीचा मोठा वाटा होता. ब्रिटिश लोकांनी जेडवर्डना मते दिली तर ती खोडी, गंमत, परीक्षकांची जिरवणे. गोरख्यांनी आपल्या पोराला मते दिली तर तो जातीयवाद. फोन तोच, मतही तसेच.

आता जेडवर्डवर अन्याय नको. या पोरांनी पुढे कष्ट केले. 'अंडर प्रेशर' आणि 'आइस आइस बेबी' यांचे मिश्रण करून व्हॅनिला आइसबरोबर काढलेले त्यांचे पहिले गाणे 2010 च्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये दुसऱ्या आणि आयर्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. इतके होऊनही सोनीने त्यांना एका गाण्यानंतर सोडून दिले. युनिव्हर्सलने उचलले. 2011 साली आयर्लंडने त्यांना ड्युसेलडॉर्फच्या युरोव्हिजन स्पर्धेत 'लिपस्टिक' घेऊन पाठवले. 119 गुण आणि आठवा क्रमांक. सात वेळा ही स्पर्धा जिंकलेल्या आयर्लंडची 2000 नंतरची ती सर्वांत चांगली कामगिरी होती. पुढच्या वर्षी बाकूला 'वॉटरलाइन' घेऊन गेले ते मात्र एकोणिसावे आले. मध्ये मुलांसाठी टीव्ही मालिका, नाताळची नाटके, आणखी दोन अल्बम. उमेदवारी करायला मिळाली तर माणूस शिकतो, हेच यातून दिसते. आम्ही प्रतिनिधित्वाबद्दल बोलतो तेव्हा दुसरे काय मागतो?

त्या वर्षीचा आणखी एक प्रसंग राहिला. 2005 ते 2008 अशी चार वर्षे नाताळच्या आठवड्यात पहिल्या क्रमांकावर 'द एक्स फॅक्टर'च्या विजेत्याचेच गाणे होते. 2009 मध्ये कंटाळलेल्या एका जोडप्याने फेसबुकवर मोहीम काढली आणि विजेता जो मॅकेल्डरी याच्या गाण्याऐवजी 'रेज अगेन्स्ट द मशीन' या बंडखोर अमेरिकन बँडचे 1992 चे गाणे विकत घ्यायला लोकांना सांगितले. पाच लाखांहून अधिक प्रती खपल्या, कॉवेल हरला, लोकांनी जल्लोष केला. फक्त एवढेच की तो बँडही सोनीच्याच एका कंपनीचा होता. दोन्ही गल्ले एकाच घरी गेले.

जुलै 2021 मध्ये, हा कार्यक्रम बंद पडल्याच्या बातम्या आल्या तेव्हा जेडवर्ड बोलले. ज्या पोरांना बारा वर्षे विदूषक म्हणून वापरले त्यांनी ट्विटरवर लिहिले की स्पर्धकांना छदाम मिळत नव्हता, कार्यक्रमवाले कोट्यवधी कमावत होते, आणि प्रत्येक स्पर्धक त्या कार्यक्रमाचा गुलाम होता. 'गुलाम' हा शब्द आम्ही इतका स्वस्तात वापरणार नाही. जोतीराव फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' लिहिली तेव्हा ती अमेरिकेतील गुलामांना मुक्त करण्याच्या कामी झटलेल्या लोकांना अर्पण केली होती. त्या शब्दाचे वजन आम्हाला ठाऊक आहे. करार करून आलेल्या आणि पुढे नावही मिळवलेल्या पोरांची स्थिती ती नव्हती. पण शब्द बाजूला ठेवला तरी हिशेब उरतोच: मेहनत कोणाची, मजुरी किती, आणि फजितीचे पैसे कोणाच्या खिशात. त्याच वर्षी 2010 ची उपविजेती रेबेका फर्ग्युसन हिनेही संगीत व्यवसायातल्या पिळवणुकीची चौकशी व्हावी आणि त्यावर स्वतंत्र नियामक असावा, अशी मागणी लावून धरली. आयटीव्हीचे उत्तर एका ओळीचे होते: कार्यक्रमाचे पुढचे पर्व काढण्याचा सध्या विचार नाही.