वजन घटवणाऱ्या इंजेक्शनला ‘नैसर्गिक’ पर्याय आहे का? उप्पगे, कोकम, इसबगोल, दारुहळदीचा हिशेब

वजन कमी करणारी, आठवड्यातून एकदा घ्यायची इंजेक्शने २०२५ मध्ये भारतात दाखल झाली. मार्चमध्ये माउंजारो (टिर्झेपॅटाइड) आले आणि जूनमध्ये वेगोवी (सेमाग्लुटाइड). ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यायची असतात आणि दाखल झाली तेव्हा महिन्याचा खर्च सामान्य घराला झेपणारा नव्हता. मग मोबाइलवर जाहिरात दिसते, ‘तेच काम करणारी शंभर टक्के नैसर्गिक गोळी’. अनेक डब्यांवर ‘गार्सिनिया’ हे नाव असते. हे फळ आपल्या भागाला परके नाही. त्यामुळे या पर्यायांत नेमके किती तथ्य आहे, हे पाहायला हवे.

इंजेक्शन काय करते?

जेवण झाले की आपल्या आतड्यातून जीएलपी-१ नावाचे संप्रेरक सुटते. पोट भरल्याचा निरोप ते मेंदूला देते आणि जठर रिकामे होण्याचा वेग कमी करते. पण शरीरातले हे संप्रेरक दोनेक मिनिटांतच निष्प्रभ होऊ लागते. सेमाग्लुटाइड त्याचेच काम करते, मात्र आठवडाभर टिकते. म्हणून भूकच कमी लागते.

सेमाग्लुटाइडच्या २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत १९६१ जण होते. आहार-व्यायामाचा सल्ला दोन्ही गटांना होता. ६८ आठवड्यांत औषध घेणाऱ्यांचे वजन सरासरी १४.९ टक्के घटले, औषधाविना २.४ टक्के. म्हणजे ८० किलोच्या माणसाचे एकीकडे सुमारे १२ किलो, तर दुसरीकडे जेमतेम २ किलो. मळमळ, उलटी, बद्धकोष्ठता हे त्रास होतात. औषध थांबवल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आले, हेही त्याच चाचणीच्या पुढच्या टप्प्यात दिसले.

कुठल्याही ‘नैसर्गिक पर्याया’ची तुलना या आकड्यांशी करावी लागते.

उप्पगे म्हणजेच गार्सिनिया

उत्तर कन्नडमधल्या सिरसी-सिद्धापूरच्या जंगलात मिळणारे उप्पगे म्हणजे गार्सिनिया गमी-गुट्टा. केरळात माशाच्या आमटीत घालतात ती कुडमपुळी हीच. कोकम याच कुळातले भावंड. या फळांच्या सालीत हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल असते. साखरेपासून चरबी तयार करणाऱ्या एका एन्झाइमला ते अडवते. उंदरांवर परिणाम दिसला आणि तिथून गोळ्यांचा धंदा सुरू झाला.

माणसांवर काय झाले? अमेरिकेत १९९८ मध्ये १३५ जणांवर १२ आठवड्यांची चाचणी झाली. गार्सिनिया घेणाऱ्यांचे वजन सरासरी ३.२ किलो घटले, नुसती बिनऔषधाची गोळी घेणाऱ्यांचे ४.१ किलो. दोन्ही गटांना कमी उष्मांकाचा आहार दिला होता, काम त्या आहाराने केले. पुढे २०११ मध्ये अनेक चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा फरक भरला ०.८८ किलो. त्यातही चांगल्या दर्जाच्या चाचण्यांत फरक दिसलाच नाही.

धोका मात्र आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मे २००९ मध्ये ‘हायड्रॉक्सीकट’ ही उत्पादने वापरू नका, असा इशारा दिला. यकृताच्या त्रासाच्या २३ तक्रारी आल्या होत्या, त्यात एक मृत्यू होता. त्या मिश्रणात बरेच घटक होते. पण नंतर गार्सिनियाच्या गोळ्यांनंतर यकृताला सूज आल्याच्या स्वतंत्र नोंदीही झाल्या.

म्हणून आमटीतले कोकम सोडायची गरज नाही. आमसुलाच्या चार पाकळ्या आणि अर्काची गोळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फक्त एक ध्यानात ठेवावे. अमृत कोकम म्हणजे साखरेचा पाक असतो, त्याने वजन उतरणार नाही. आगळात साखर नसते, पण मीठ भरपूर असते. बीपीवाल्यांनी बेताने घ्यावे.

इसबगोल आणि मेथी

इसबगोलाचा भुसा पाणी शोषून फुगतो, पोट भरल्यासारखे वाटते. कोलेस्टेरॉल आणि जेवणानंतरची साखर थोडी उतरते, याला चांगला आधार आहे. वजनावरचा परिणाम छोटा आहे. मोठा ग्लासभर पाणी घेतल्याशिवाय इसबगोल कधीही घेऊ नये, घशात अडकू शकतो. थायरॉइड किंवा इतर गोळ्या आणि इसबगोल यांत दोनेक तासांचे अंतर ठेवावे.

मेथीने साखर काहीशी कमी होते, वजनाबाबत पुरावा कच्चा आहे. मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना जेवण एकदम कमी करून वर मेथीचा मारा केला, तर साखर खाली जाऊन चक्कर येऊ शकते.

दारुहळद, ग्रीन टी, व्हिनेगर

दारुहळदीतल्या बर्बेरिनला परदेशात ‘निसर्गाचे ओझेंपिक’ म्हटले गेले. छोट्या अभ्यासांत घट दिसते ती साधारण दोनेक किलोंची. बर्बेरिन अनेक औषधांचे रक्तातले प्रमाण बदलते आणि गरोदरपणात ते चालत नाही. स्वयंपाकातल्या हळदीत ते नसतेच.

ग्रीन टी प्यायला हरकत नाही. तिच्या अर्काच्या गोळ्यांची गोष्ट वेगळी. दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी पोटात गेल्यास यकृतावर ताण येण्याची चिन्हे दिसतात, असे युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितले.

सफरचंदाच्या व्हिनेगरने १२ आठवड्यांत सहा-सात किलो उतरतात, असे सांगणारा २०२४ चा लेबनॉनमधला अभ्यास खूप फिरला. आकडेवारीवर शंका आल्याने २०२५ मध्ये तो मागे घेण्यात आला. ती बातमी मात्र तेवढी फिरली नाही.

डबा घेण्याआधी

• लठ्ठपणा बरा करण्याचा दावा करत औषधाची जाहिरात करणे १९५४ च्या कायद्याने मना आहे. असा दावा दिसला की तिथेच सावध व्हावे.
• डब्यावर एफएसएसएआयचा क्रमांक असणे म्हणजे वजन घटण्याची हमी नव्हे.
• सिब्युट्रामिन हे औषध हृदयाच्या धोक्यामुळे भारतात २०११ मध्ये बंद झाले. तरी ‘हर्बल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत ते लपवलेले सापडले आहे. चार दिवसांत भूक मेली, छातीत धडधड सुरू झाली, तर गोळी बंद करून डॉक्टरांकडे जावे.
• डोळे पिवळे, लघवी गडद, उजव्या बरगडीखाली दुखणे ही यकृताची लक्षणे आहेत. डबा सोबत न्यावा.

मग करायचे काय?

अमेरिकेत ३२३४ जणांवर झालेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळे मधुमेहाच्या उंबरठ्यावर होते. आठवड्याला १५० मिनिटे भरभर चालणे आणि बेताचा आहार, एवढ्यावर वजन सरासरी साडेपाच किलोंनी घटले आणि मधुमेहाचा धोका ५८ टक्क्यांनी कमी झाला. मेटफॉर्मिनच्या गोळीने तो ३१ टक्क्यांनी कमी झाला. चेन्नईतल्या २००६ च्या अभ्यासात आपल्या लोकांचे वजन फारसे उतरले नाही, तरी धोका २८.५ टक्क्यांनी घटला. म्हणजे काटा हलला नाही म्हणून चालणे वाया गेले असे नाही.

इंजेक्शनइतके वजन उतरवणारी वनस्पती आजवर सापडलेली नाही. पण भूक आवरायला ताट मदत करते. ज्वारीची भाकरी, मोड आलेली मटकी, डाळ, ताक, अंडी, मासे, पालेभाज्या यांतली प्रथिने आणि चोथा पोट जास्त वेळ भरलेले ठेवतात. चहातली साखर, बेकरीचे खारी-टोस्ट, रोजचा फरसाण आणि सणापलीकडचा कुंदा एवढे आवरले तरी महिन्याचा हिशेब बदलतो.

आपल्याकडे बीएमआय २३ पासून जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. पुरुषांची कंबर ९० सेंमी, बायकांची ८० सेंमीच्या पुढे गेली, की साखर, बीपी, थायरॉइड तपासून घ्यावे. वजन फारच जास्त असेल, सोबत मधुमेह असेल, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली इंजेक्शन घेण्यात कमीपणा नाही. आणि कुठलाही काढा सुरू केला म्हणून साखरेची किंवा बीपीची चालू गोळी आपल्या मनाने बंद करू नये. वजन सावकाश उतरले तरी चालेल, गोळी सोडल्याने झालेले नुकसान भरून काढणे अवघड जाते.