पाण्यावरची फटफटी

मंडळी, सुट्टीच्या दिवसांत मालवण, तारकर्ली, नागाव किंवा गोव्यातल्या कळंगुटच्या किनाऱ्यावर गेलात, तर पाण्यावरून फटफटीसारखे एक वाहन घोंघावत जाताना तुम्हाला हमखास दिसेल. त्याला शीड नाही, वल्हे नाही, बाहेरून फिरणारा पंखाही दिसत नाही. वर एक माणूस, फार तर दोघेतिघे, घोड्यावर बसावे तसे बसलेले आणि मागे पाण्याचा पांढरा फवारा. कोणी त्याला वॉटर स्कूटर म्हणतो, कोणी जेट स्की.

किनाऱ्यावरच्या गावांत हा आता नुसता गमतीचा विषय राहिलेला नाही. पोटापाण्याचाही झाला आहे. घरातला होतकरू मुलगा बापाला म्हणतो, "आबा, आपणही एक घेऊ या. हंगामात कर्ज फिटेल." आबा विचारतात, "अरे, पण तुला ते चालवता येतं का?" मुलगा हसून म्हणतो, "त्यात काय यायचं? बसायचं आणि खटका दाबायचा!"

या 'त्यात काय' चे उत्तर या वाहनाच्या इतिहासात आहे. बसता येणे वेगळे आणि चालवता येणे वेगळे, हे त्या इतिहासाने बरीच किंमत मोजून शिकवले आहे. म्हणून पहिले वाहन कोणते घ्यावे हे ठरवण्यापूर्वी ते आले कोठून आणि कसे, हे आज आपण पाहू.

गोष्ट सुरू होते न्यूझीलंडमधल्या एका शेतकऱ्यापासून. विल्यम हॅमिल्टन (१८९९–१९७८) हा दक्षिण बेटावरच्या डोंगराळ मुलुखात मेंढ्या पाळणारा माणूस. तिथल्या कित्येक नद्या आपल्या उन्हाळ्यातल्या नद्यांसारख्या: पात्र रुंद, पाणी पसरट आणि तळाशी गोटेच गोटे. नेहमीच्या मोटरबोटीचा पंखा तळाखाली फिरतो. तो अशा पाण्यात दगडावर आपटून मोडायचा. हॅमिल्टनने १९५४ साली पंख्याऐवजी पंपावर चालणारी होडी तयार केली. फवाऱ्याच्या जोरावर होडी ढकलण्याची कल्पना त्याच्या आधीचीच होती. पण तो फवारा पाण्याखाली न सोडता पाण्याच्या पातळीच्या वर सोडला तर होडी अधिक चांगली पळते, हे त्याने करून दाखवले. १९६० साली त्याच्या पद्धतीच्या होड्या अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीच्या प्रचंड घळीतून प्रवाहाच्या उलट दिशेने वर चढून गेल्या.

तुमच्या विहिरीवर इंजिन-पंप असेल, तर हे यंत्र समजायला कठीण नाही. पंप एका तोंडाने पाणी ओढतो आणि दुसऱ्या तोंडाने जोराने फेकतो. बागेला पाणी देताना रबरी नळी हातातून सुटली, की ती सापासारखी वळवळत मागे मागे सरकते. पाणी पुढे फेकले गेले, म्हणून नळी मागे ढकलली गेली. होडीत हेच उलट बाजूने केलेले असते: पाणी मागे फेकायचे म्हणजे होडी पुढे जाते.

पण इथेच एक मेख आहे. नावेला सुकाणू असते. या वाहनाला बहुधा ते नसतेच. मागची तोटी डावी-उजवीकडे फिरवली की फवारा तिरका होतो आणि वाहन वळते. म्हणजे फवारा आहे तोवर वळण आहे. फवारा थांबला, की हँडल कितीही फिरवा, वाहन आपले नाकासमोर घसरत राहणार. ही एवढी गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढचा बराचसा इतिहास तिच्याभोवतीच फिरतो.

एकट्याने बसायची पाण्यावरची स्कूटर काढण्याचे प्रयत्न १९५० नंतरच्या दशकातही झाले होते. इंग्लंडच्या व्हिन्सेंट या मोटरसायकल कंपनीने 'अमांडा' नावाची स्कूटर काढली होती. पण ती फारशी रुजली नाही. आजच्या वाहनाचा जनक म्हणून नाव घेतले जाते ते क्लेटन जेकबसन या अमेरिकन गृहस्थाचे. हा बँकेत नोकरीला होता आणि खडबडीत रानातून मोटरसायकल पळवण्याचा त्याला भारी नाद. रानात पडले की अंग सोलवटते. हेच वाहन पाण्यावर चालले तर पडूनही लागणार नाही, असा त्याचा हिशेब. त्याने नोकरी सोडली आणि १९६५ च्या सुमारास ॲल्युमिनियमचा पहिला नमुना सिद्ध केला. त्यावर उभे राहावे लागे, आणि आत पंप होता.

या कल्पनेला पहिला आधार मिळाला कॅनडातल्या बॉम्बार्डिए कंपनीचा. तिचा संस्थापक जोसेफ-आर्मांड बॉम्बार्डिए याची कहाणी चटका लावणारी आहे. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा लहान मुलगा पोटाच्या दुखण्याने दगावला, कारण बर्फाने रस्ते बंद होते आणि त्याला इस्पितळात नेता आले नाही. बर्फावर चालणारी वाहने घडवण्याचा त्याचा उद्योग आधीच सुरू होता. त्यालाच त्याने पुढे आयुष्य वाहिले. १९५९ मध्ये त्याची 'स्की-डू' ही बर्फावरची फटफटी बाजारात आली. १९६४ साली तो वारला. त्यानंतर त्याच्या कंपनीने जेकबसनच्या मदतीने १९६८ मध्ये बसून चालवायचे 'सी-डू' काढले. पण यंत्रात अडचणी निघाल्या आणि दोन-तीन वर्षांतच ते बंद पडले.

मग जेकबसन जपानच्या कावासाकी कंपनीकडे गेला. १९७२-७३ च्या सुमारास कावासाकीचे उभ्याने चालवायचे 'जेट स्की' अमेरिकेत विक्रीला आले. वनस्पती तुपाला आपण जसे सरसकट 'डालडा' म्हणत आलो, तसेच इथे झाले. एका कंपनीने दिलेले नाव साऱ्या जातीला चिकटले.

आता गंमत पाहा. हे उभ्याचे जेट स्की चालवणे सोपे नव्हते. तोल सावरता सावरता नवशिका दहादा पाण्यात पडे. तो पडला, की यंत्र मंद गतीने गोल गोल फिरत राही, म्हणजे पोहत जाऊन ते पुन्हा गाठता येई. जो पडायला कंटाळला नाही, तोच शिकला. आणि शिकता शिकता, खटका सोडला तर वळण जाते, हेही त्याच्या अंगवळणी पडले. एका अर्थी ते वाहन स्वतःच शिक्षक होते: कच्च्या विद्यार्थ्याला ते पुढच्या इयत्तेत जाऊच देत नसे.

१९८६-८७ च्या सुमारास यामाहा कंपनीने 'वेव्हरनर' काढले. दोघांनी ऐसपैस बसावे असे ते वाहन होते. १९८८ मध्ये बॉम्बार्डिएनेही आपले 'सी-डू' नव्या रूपात पुन्हा आणले. आता तोल सावरायचे कारणच उरले नाही. आजोबा बसले, नातू बसला, कधी समुद्र न पाहिलेला प्रवासी बसला. १९९० नंतरच्या दशकाच्या मध्याला एकट्या अमेरिकेत वर्षाला सुमारे २ लाख वाहने खपत होती. विक्रीच्या दृष्टीने ही भरभराटच म्हणायची. पण बैठक आली तशी ती जुनी परीक्षा गेली, आणि वाहनाचा मूळ स्वभाव मात्र तोच राहिला.

परिणाम व्हायचा तो झाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने १९९८ मध्ये या वाहनांच्या अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. इतर हौशी नौकांवर माणसे मरतात ती मुख्यतः बुडून. या वाहनाच्या बाबतीत मात्र बुडण्यापेक्षा आदळून, मार लागून मरणारे अधिक आढळले. खटका सोडल्यावर वळण जाते, या दोषाकडेही मंडळाने लक्ष वेधले.

असे का व्हावे? समोर होडी किंवा पोहणारा आला की घाबरलेला माणूस काय करतो? खटका सोडतो आणि हँडल वळवतो. रस्त्यावर फटफटी चालवताना त्याने हेच केले असते आणि ते बरोबर ठरले असते. पण पाण्यावर खटका सोडला म्हणजे फवारा थांबला, फवारा थांबला म्हणजे वळण गेले. जे टाळायचे, त्याच्यावरच तो सरळ जाऊन आदळतो. दोष धैर्याचा नाही, शिक्षणाचा आहे. वाचवायची सवयच इथे घात करते.

या टीकेनंतर सुधारणा होत गेल्या. २००९ मध्ये सी-डूने ब्रेक असलेले वाहन आणले. यातली युक्ती साधी आहे: तोटीमागे एक झाकण खाली येते, फवारा उलटा पुढच्या बाजूला वळतो आणि वाहन आवरले जाते. पुढे यामाहानेही अशी सोय केली. जुन्या इंजिनांत पेट्रोलबरोबर तेल जळे आणि बरेचसे न जळताच पाण्यात मिसळे. त्यामुळे आणि आवाजामुळे २००० साली अमेरिकेतल्या बहुतेक राष्ट्रीय उद्यानांत या वाहनांना मज्जाव झाला. २००२ पासून कमी धूर करणारी चार-स्ट्रोक इंजिने बाजारात येऊ लागली. एकीकडे ताकद वाढत ३०० अश्वशक्तीच्या घरात गेली. दुसरीकडे २०१४ च्या सुमारास 'स्पार्क' नावाचे ६० आणि ९० अश्वशक्तीचे हलके वाहन आले, ते खास नवख्यांना परवडावे म्हणूनच.

तेव्हा, मंडळी, पहिले वाहन निवडताना या इतिहासातून काय घ्यायचे?

एक, बसून चालवायचे आणि रुंद तळाचे वाहन पाहा. तिघांची बैठक असलेले वाहन एकट्यासाठी घेतले तरी वाया जात नाही. ते पाण्यावर अधिक स्थिर राहते. खाडीच्या किंवा धरणाच्या शांत पाण्यात हलके वाहन चालेल. उघड्या समुद्राच्या लाटांत ते फार उसळते.

दोन, ताकदीला भुलू नका. नवशिक्याला शंभराच्या आसपास अश्वशक्ती पुरेशी आहे. मोठ्या इंजिनांपैकी कित्येकांत हवा दाबून भरणारे यंत्र असते. त्याची निगा महाग पडते. हौसेला मोल नाही हे खरे, पण ऋण काढून सण करू नये हेही आपल्याच वाडवडिलांनी सांगितले आहे.

तीन, ब्रेक असलेले वाहन मिळत असेल तर चार पैसे जास्त देऊन तेच घ्या. मात्र ब्रेक आहे म्हणून शिकण्याची गरज संपली, असे समजू नका.

चार, वापरलेले वाहन घेत असाल, तर ते किती तास चालले आहे हे त्याच्या मीटरवर पाहा. रंगावर जाऊ नका. पंपाच्या तोंडाशी वाकून आतली पाती बघा. वाळू ओढलेल्या पंपाची पाती झिजलेली, टवके उडालेली असतात. खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्याने यंत्र आतून धुतले जात होते का, हे मालकाला आवर्जून विचारा. आणि किमतीबरोबर गाडा, पेट्रोल, दुरुस्ती, विमा आणि परवाना यांचाही हिशेब मांडा. भाड्याने चालवायचे असेल, तर मेरीटाइम बोर्डाच्या बंदर कार्यालयात आधी चौकशी करा.

वाहन घरी आले, की पहिले काही दिवस कमाईचे नव्हेत, शिकण्याचे. माणसे आणि होड्या यांच्यापासून दूर मोकळ्या पाण्यात एक रिकामा डबा तरंगत ठेवा. मध्यम वेगाने त्याच्या बाजूने जाताना खटका सोडा आणि वाहन किती लांब सरळ घसरते ते डोळ्यांनी पाहा. ब्रेक नसलेले वाहन भर वेगात असेल, तर हे अंतर शंभर मीटरच्या घरात जाऊ शकते. मग डबा चुकवण्याचा सराव करा: खटका थोडा दाबून धरायचा आणि मगच वळायचे. हे हाताला वळण लागेपर्यंत मागे कोणाला बसवू नका. गोव्यात १९९० पासून राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे. किनाऱ्यावर हा धंदा करू पाहणाऱ्याने अशा ठिकाणचे रीतसर शिक्षण घ्यावे, हे उत्तम.

इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला किंवा जॅकेटला बांधल्याशिवाय सुरुवात करू नका. तुम्ही पडलात की तिच्यामुळे यंत्र थांबते. कमरेपेक्षा कमी पाण्यात इंजिन चालू करू नका, नाहीतर वाळू पंपात जाते. जाळ्याचा तुकडा पंपात अडकला, तर आधी इंजिन बंद आणि मगच हात. मागे बसणाऱ्याने नुसत्या पातळ कपड्यांवर बसू नये. तो फवाऱ्याच्या तोंडाशी पडला तर पाण्याच्या माऱ्याने शरीराच्या आत गंभीर इजा होते. जाड रबरी चड्डी वापरायची ती यासाठी.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना दोन शब्द. फुगवलेला फुगा तोंड न बांधता सोडून द्या, वर्गातल्या मुलांना या वाहनाचे सारे शास्त्र कळेल. आणि सहलीत मुलांनी समुद्रावर हट्ट धरलाच, तर पैसे देण्यापूर्वी तीन गोष्टी पाहा: चालवणाऱ्याच्या हाताला दोरी आहे का, मुलांच्या जॅकेटचे सगळे पट्टे आवळले आहेत का, आणि वाहनांची वाट आंघोळीला उतरलेल्या माणसांपासून वेगळी आहे का. यातली एक जरी गोष्ट नसली, तर मुले रुसली तरी चालतील, त्यांना किनाऱ्यावरच ठेवा.