न्यू बीकन ग्रंथभांडार : तुटलेला दुवा सांधणारे एक दुकान

करारावर सही अथवा अंगठा करून समुद्र ओलांडणाऱ्या मजुराची नोंद सरकारी वहीत मोठ्या काटेकोरपणे होत असे. मॉरिशसला उतरलेल्या मजुरांच्या वह्यांतून त्याचे नाव, बापाचे नाव, वय, जात, गाव, उंची, अंगावरील खुणा एवढ्या गोष्टी आजही वाचावयास मिळतात. परंतु त्याला किती अभंग मुखोद्गत होते, त्याच्या बायकोला जात्यावरच्या किती ओव्या येत होत्या, याला त्या वहीत रकाना नव्हता. ही संपत्ती तोंडातून कानात आणि कानातून पुन्हा तोंडात जाते. एखाद्या पिढीचे कान दुसरीकडे वळले की ती संपते. ती टिकवावयाची तर कोणीतरी लिहावी लागते, कोणीतरी छापावी लागते आणि पुढील पिढीच्या हाताला लागेल अशा ठिकाणी विक्रीस ठेवावी लागते. लेखक व मुद्रक यांचे इतिहास पुष्कळ लिहिले गेले. पुस्तकविक्रेत्याचा इतिहास मात्र क्वचितच लिहिला जातो. म्हणूनच लंडन शहरातील न्यू बीकन या ग्रंथभांडाराची हकीकत, तिचे कर्ते मराठी नसले तरी, मॉरिशसच्या मराठी वाचकाने समजून घेण्याजोगी आहे.

या हकीकतीचा उगम लंडनपासून फार दूर, वेस्ट इंडीजमधील त्रिनिदाद बेटावर आहे. त्या बेटाचा आणि मॉरिशसचा इतिहास एकाच उसाच्या कांड्याची दोन पेरे म्हणावीत इतका सारखा आहे. दोन्ही ठिकाणी आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांनी उसाचे मळे उभे केले. दोन्ही ठिकाणी गुलामगिरी उठल्यावर मळेवाल्यांनी हिंदुस्थानातून मजूर आणविले. मॉरिशसच्या ज्या घाटावर हे मजूर उतरले, तेथे २ नोव्हेंबर १८३४ चे स्मरण केले जाते. त्रिनिदादला ‘फातेल रझाक’ हे पहिले जहाज ३० मे १८४५ रोजी लागले. मॉरिशसला सुमारे साडेचार लाख, तर त्रिनिदादला १९१७ पर्यंत सुमारे एक लाख चव्वेचाळीस हजार हिंदी माणसे गेली. दोन्ही बेटांवर जुन्या फ्रेंच मळेवाल्यांच्या काळापासून क्रिओल बोली रुजलेली होती, आणि दोन्ही बेटांवरील शाळांत मुले इंग्लंडच्या राजांच्या सनावळ्या पाठ करीत. स्वतःच्या आजोबांविषयी मात्र त्यांच्या पुस्तकांत अवाक्षर नसे.

अशा त्रिनिदादमधील अरिमा या गावी २७ डिसेंबर १९२७ रोजी जॉन ला रोझ यांचा जन्म झाला. ते आफ्रिकन वंशाचे होते. तरुणपणी त्यांनी मजूर संघटनांत काम केले. त्रिनिदादच्या तेल कामगारांच्या संघटनेशी जडलेला त्यांचा संबंध पुढे आयुष्यभर टिकला. १९५८ मध्ये त्यांनी बेट सोडले, काही काळ व्हेनेझुएलात कराकस येथे शाळेत शिकविले आणि १९६१ मध्ये ते इंग्लंडला आले. कवी, संघटक आणि शिक्षक असे तीनही पिंड त्यांच्या ठायी एकवटले होते.

ला रोझ यांच्या मनाला एका विचाराने पक्के धरले होते. वसाहतीचे राज्य केवळ बंदुकीवर चालत नाही. प्रजेपासून माहिती दडवून ठेवण्यावरही ते चालते, असे त्यांचे म्हणणे होते. बापाने दिलेल्या लढ्याची वार्ता मुलाला नसते. म्हणून मुलगा पुन्हा पहिल्यापासून आरंभ करतो, आणि त्याच्याही मुलावर तीच पाळी येते. पिढ्यांमधील हा तुटलेला दुवा जोडावयाचा तर आपली पुस्तके आपणच छापली व विकली पाहिजेत, या निष्कर्षाला ते आले.

ऑगस्ट १९६६ मध्ये ला रोझ व त्यांच्या सहचारिणी सेरा व्हाइट यांनी लंडनमध्ये न्यू बीकन ही संस्था सुरू केली. ‘बीकन’ म्हणजे उंचावर पेटविलेला, वाट दाखविणारा दिवा. त्रिनिदादमध्ये १९३१ ते १९३३ या काळात ‘द बीकन’ नावाचे एक मासिक निघत असे. आल्बर्ट गोम्स हे त्याचे संपादक होते आणि सी. एल. आर. जेम्स, आल्फ्रेड मेंडिस यांच्यासारखे तरुण लेखक त्यात लिहीत. विझलेल्या त्या दिव्याचेच नाव नव्या संस्थेने घेतले. नावापासूनच दुवा सांधण्यास आरंभ झाला, असे म्हटले तरी चालेल. संस्थेचे पहिले प्रकाशन म्हणजे ला रोझ यांचा ‘फाउंडेशन्स’ हा कवितासंग्रह. तो त्याच वर्षी निघाला.

प्रारंभी दुकान असे नव्हतेच. सभासंमेलनांना जाताना ला रोझ पुस्तकांची पिशवी बरोबर नेत आणि तेथेच विक्री करीत. पुढे राहत्या घरातील खोल्यांतून पुस्तके मांडली गेली. १९७३ मध्ये उत्तर लंडनमधील फिन्सबरी पार्क भागात, स्ट्राउड ग्रीन रोडवर क्रमांक ७६ येथे दुकान स्थिरावले. ब्रिटनमध्ये कृष्णवर्णीयांनी उभारलेल्या प्रकाशनसंस्था व पुस्तकांची दुकाने यांत न्यू बीकन आद्य गणले जाते.

या संस्थेने केलेल्या कार्यांत जुन्या पुस्तकांचे पुनर्मुद्रण हे विशेष लक्षणीय होय. जॉन जेकब थॉमस या त्रिनिदादी शिक्षकाचे उदाहरण पाहावे. गुलामगिरी उठल्यानंतर थोड्याच वर्षांनी जन्मलेला हा कृष्णवर्णीय गृहस्थ खेडेगावात मास्तरकी करीत असता लोकांची बोली कान देऊन ऐके, म्हणी टिपून ठेवी. १८६९ मध्ये त्याने पोर्ट ऑफ स्पेन येथे क्रिओल भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले. ज्या बोलीला मोडकी फ्रेंच म्हणून सारे हिणवीत, तिलाही नियम आहेत, हे एका खेड्यातील मास्तराने साधार दाखवून दिले. पुढे जे. ए. फ्रूड या नामांकित इंग्रज इतिहासकाराने वेस्ट इंडीजचा धावता प्रवास केला आणि १८८८ मध्ये, तेथील कृष्णवर्णीय लोक स्वराज्यास अपात्र आहेत अशा आशयाचे पुस्तक लिहिले. त्याला थॉमस याने १८८९ मध्ये ‘फ्रूडॅसिटी’ हे पुस्तक लिहून मुद्देसूद उत्तर दिले आणि त्याच वर्षी लंडनमध्ये त्याचे देहावसान झाले.

थॉमसची ही दोन्ही पुस्तके न्यू बीकनने १९६९ मध्ये पुन्हा छापली. व्याकरणाला त्या वर्षी बरोबर शंभर वर्षे होत होती, तर ‘फ्रूडॅसिटी’ला ऐंशी. नव्या आवृत्तीस सी. एल. आर. जेम्स यांनी प्रस्तावना लिहिली. पणजोबांच्या पिढीतील एका शिक्षकाने इंग्रज पंडिताला निरुत्तर केले होते, हे त्रिनिदादच्या कित्येक वाचकांना यायोगे प्रथमच कळले. मॉरिशसच्या वाचकाला यातील आणखी एक गोष्ट भिडावी. मॉरिशसच्या क्रिओल बोलीचा शार्ल बेसाक यांनी केलेला अभ्यास १८८० मध्ये प्रसिद्ध झाला होता. परंतु ती बोली प्राथमिक शाळेत ऐच्छिक विषय म्हणून येण्यास २०१२ साल उजाडावे लागले. ग्रंथ लिहिला गेला म्हणजे काम संपले असे होत नाही. तो पुनःपुन्हा लोकांपुढे ठेवणारा कोणीतरी लागतो, हेच यावरून दिसते.

न्यू बीकनची दृष्टी केवळ भूतकाळाकडे नव्हती. त्या काळी वेस्ट इंडीजमधून आलेल्या कुटुंबांची मुले लंडनच्या शाळांत मोठ्या संख्येने ‘मंदबुद्धी’ ठरविली जाऊन वेगळ्या शाळांत पाठविली जात होती. ग्रेनाडाहून आलेले शिक्षक बर्नार्ड कोर्ड यांनी या प्रकाराची छाननी केली. बुद्धिमापनाच्या कसोट्या इंग्रजी घरातील मुलांच्या अनुभवावर बेतलेल्या आहेत, मुलांची घरची बोली म्हणजे अज्ञान असे समजले जाते, आणि शिक्षकानेच मुलाकडून अपेक्षा सोडली की मूलही स्वतःकडून अपेक्षा सोडते, असे त्यांनी दाखवून दिले. त्यांचे हे छोटेखानी पुस्तक न्यू बीकनने १९७१ मध्ये प्रसिद्ध केले आणि त्याने मोठी खळबळ उडाली. ज्या आईबापांना शाळेतून आलेल्या पत्राचा खरा अर्थ उमगत नव्हता, त्यांच्या हाती जाब विचारण्याचे साधन आले. त्यापूर्वीच, १९६९ मध्ये, ला रोझ यांनी आपल्या घरी जॉर्ज पॅडमोर यांच्या नावाने मुलांसाठी पूरक शाळा उघडली होती. शाळेचे तास संपल्यावर आपल्या मुलांना आपण शिकवावयाचे, ही कल्पना मॉरिशसच्या बैठकांत वाढलेल्या पिढ्यांना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

लेखकांच्या बाबतीत न्यू बीकनने केलेली सेवाही तेवढीच मोलाची आहे. १९६६ च्या अखेरीस बार्बाडोसचे कवी ब्रॅथवेट, जमेकाचे लेखक अँड्र्यू सॅल्की आणि ला रोझ या तिघांनी ‘कॅरिबियन आर्टिस्ट्स मूव्हमेंट’ ही चळवळ आरंभिली. सुमारे १९७२ पर्यंत तिच्या बैठका व संमेलने होत राहिली. कवी, कादंबरीकार, चित्रकार, समीक्षक एकत्र जमत, लेखन वाचून दाखवीत, त्यावर वाद होत. आणि सभागृहाच्या एका बाजूस न्यू बीकनच्या पुस्तकांचे टेबल मांडलेले असे. त्यापूर्वी वेस्ट इंडीजच्या लेखकांना कोणी छापीत नव्हते असे नाही. त्रिनिदादच्या हिंदी वंशातील सॅम्युएल सेल्व्हन यांची ‘अ ब्राइटर सन’ ही कादंबरी १९५२ मध्येच लंडनमध्ये निघाली होती. परंतु काय छापावे आणि कोणते पुस्तक पुन्हा छापू नये, हे ठरविणारे सारे परके होते. सी. एल. आर. जेम्स यांची १९३६ ची ‘मिंटी अ‍ॅली’ ही कादंबरी न्यू बीकनने १९७१ मध्ये पुन्हा वाचकांपुढे आणली. जमेकाच्या अर्ना ब्रॉडबर यांची पहिली कादंबरी १९८० मध्ये आणि लॉर्ना गुडिसन यांचा ‘आय अ‍ॅम बिकमिंग माय मदर’ हा कवितासंग्रह १९८६ मध्ये येथूनच प्रकाशित झाला. या लेखिकांनी पुढे मोठा लौकिक मिळविला.

हे कार्य एकट्या दुकानाचे नव्हते. ब्रिटिश गियानातून आलेले एरिक व जेसिका हंटली हे दांपत्य ‘बोगल-लूव्हर्तूर’ ही प्रकाशनसंस्था चालवी. गियानाचे इतिहासकार वॉल्टर रॉडनी यांना १९६८ मध्ये जमेकात पुन्हा प्रवेश नाकारण्यात आला, त्यानंतर त्यांची व्याख्याने छापण्यासाठी ती निघाली होती. याच रॉडनींनी पुढे गियानाच्या श्रमिकांचा इतिहास लिहिताना हिंदी करारबद्ध मजुरांनाही त्यात मानाचे स्थान दिले. १९८० मध्ये रॉडनींची हत्या झाली, तेव्हा हंटली यांनी आपल्या दुकानास त्यांचेच नाव दिले. अशा दुकानांवर वर्णद्वेष्ट्यांचे हल्ले होत. काचा फुटत, भिंतींवर शिव्या लिहिल्या जात. तरीही १९८२ मध्ये न्यू बीकन, बोगल-लूव्हर्तूर आणि ‘रेस टुडे’ या तीन संस्थांनी मिळून लंडनमध्ये एक आंतरराष्ट्रीय ग्रंथजत्रा भरविली. तिचे उद्घाटन वृद्ध सी. एल. आर. जेम्स यांनी केले. १९९५ पर्यंत अशा बारा ग्रंथजत्रा झाल्या. जत्रा हा शब्द येथे शोभतो. कारण पुस्तकांच्या विक्रीबरोबरच काव्यवाचन, चर्चा, नाट्य व संगीत यांचीही तेथे रेलचेल असे.

१९९१ मध्ये जॉर्ज पॅडमोर इन्स्टिट्यूट ही संस्था स्थापन झाली आणि दुकानाच्याच इमारतीत चळवळींची पत्रे, हस्तपत्रके व कागद यांचा संग्रह होऊ लागला. २८ फेब्रुवारी २००६ रोजी ला रोझ निवर्तले. पुढे पुस्तकविक्रीचे दिवस कठीण आले. २०१६ च्या अखेरीस दुकान बंद होणार अशी वार्ता पसरली. तेव्हा वाचकच धावून आले. कोणी पैसे दिले, कोणी श्रम दिले, आणि दुकान तगले. २०२१ च्या अखेरीस पुन्हा तसाच प्रसंग ओढवला, तेव्हाही देणग्यांचा ओघ लागला. पन्नास वर्षे ज्यांना पुस्तके पुरविली, त्यांच्याच मुलांनी व नातवंडांनी दुकानाला हात दिला. ला रोझ यांना जो दुवा सांधावयाचा होता, तो सांधला गेल्याची याहून वेगळी साक्ष कोणती हवी?

या हकीकतीपासून मॉरिशसच्या मराठी समाजाने काय घ्यावे? त्याच्या पूर्वजांनी बैठकांतून भाषा जिवंत ठेवली. मराठी शाळांत शिकविली जाऊ लागली. भारतातून ग्रंथ येत राहिले. ही पुंजी लहान नव्हे. परंतु भारतातून आलेल्या ग्रंथांत या बेटावरील ऊस नाही, येथील चक्रीवादळ नाही, क्रिओल शब्द मिसळलेली येथील मराठी नाही. ते लिहावयाचे तर येथील माणसानेच लिहिले पाहिजे. आणि लिहिलेले विकत घेणारा शेजारी भेटला नाही तर पुढचे पुस्तक लिहिले जात नाही. पुस्तक फुकट वाटल्याने लेखकाचा सत्कार होतो, पण त्याला वाचक मिळतोच असे नाही. विकत घेतलेले पुस्तक घरी जाते, उघडले जाते, मुलांच्या हाती पडते.

यासाठी मोठ्या भांडवलाची वाट पाहण्याचे कारण नाही. न्यू बीकनचा आरंभ एका पिशवीपासून झाला. गणेश चतुर्थीच्या उत्सवात देवळाच्या मंडपात प्रसादाच्या शेजारी एक टेबल मांडता येईल. त्यावर बेटावरील मराठी लेखकांची पुस्तके, संस्थांच्या जुन्या स्मरणिका आणि वृद्धांकडून उतरवून घेतलेल्या ओव्यांची एखादी लहानशी पुस्तिका ठेवता येईल. पुस्तकांवर किंमत छापलेली असावी आणि टेबलामागे एखादा तरुण बसलेला असावा. गणरायाला विद्येची देवता मानणाऱ्या समाजाच्या उत्सवात एवढी जागा पुस्तकांसाठी सहज निघू शकेल.